शंभरातले बारा मामा

४ जानेवारी

चि. आकडूबाईस,

उजव्या गालाने हसून आणि डाव्या गालाने हसायचा प्रयत्न करून अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. ऑपरेशनला वर्ष झालं तरी माझ्या खालच्या ओठाचा डावा कोपरा अजून संपावर आहे. त्यामुळे प, फ, ब, भ आणि म या पाच जणांशी माझं बिनसलंय. परवा तुझ्या घरी फोन करून "मामा बोलतोय" म्हटलं, तर पलीकडून जावईबापू विचारतात, "वावा? कोण वावा?" जन्मभर छापखाना चालवला आणि आता तोंडातलेच पाच अक्षरांचे खिळे झिजले. कागदावर अजून सगळी अक्षरं उमटतात, म्हणून हे पत्र.

तुझी आई सांगत होती की तू इस्पितळात एक यंत्र बनवतेयस. लाळग्रंथीतली गाठ काढल्यावर ती परत येणार की नाही, ते म्हणे हे यंत्र सांगतं. लाळग्रंथी! आयुष्यभर ग्रंथ छापले, आणि दुखणं झालं तेही ग्रंथीचंच. डॉक्टर म्हणतात, पुनरावृत्ती होऊ शकते. मी म्हटलं, डॉक्टर, माझ्या छापखान्यातल्या एकाही पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघालेली नाही. ते हसले नाहीत. हसले असतील तर मास्कच्या आत.

तर काम असं. त्यांनी मला या महिन्यात तपासणीला बोलावलंय. मान चाचपणार, सोनोग्राफी करणार, आणि त्याआधी त्या कडक बाकावर अर्धा दिवस बसवणार. त्यापेक्षा तू तुझ्या यंत्राला विचारून टाक. नाही येणार म्हणालं, तर मी कशाला जाऊ?

तुझा,
वावा

ता.क. हे तपासणी टाळायला बघतायत. यंत्र काहीही म्हणो, तू "जा" म्हण. — मामी


११ जानेवारी

ती. मामा,

दोन्ही हात कीबोर्डवर अडकलेत, म्हणून मनातल्या मनात वाकून नमस्कार.

माझं यंत्र म्हणजे एक कॉम्प्युटर आहे. तो ज्या खोलीत आहे तिथला एसी बादलीत ठिबकतो आणि बादली माझ्या पायाशी असते. ज्यांच्या गाठी काही वर्षांपूर्वी काढल्या, त्यांची माहिती मी त्यात भरते. वय किती, गाठ केवढी, कोणत्या जातीची, नसेला चिकटली होती का, मानेत उतरली होती का, आणि कापलेल्या कडेपासून किती लांब होती. मग त्या माणसांचं पुढे काय झालं तेही भरते. यावरून कॉम्प्युटर प्रत्येक गोष्टीला गुण देतो. या परीक्षेत ज्याला कमी गुण तो हुशार, म्हणजे तुझ्या सोयीची शाळा आहे.

पण तो "येणार" किंवा "नाही येणार" असं कधीच म्हणत नाही. शंभरातल्या किती जणांना परत होते, एवढंच सांगतो. ते भविष्य नाही.

आणि आमच्या साहेबांचा नियम आहे की नातेवाइकांचा आकडा काढायचा नाही, बोटं चुकतात. त्यांना आम्ही दशांशसाहेब म्हणतो, कारण लिफ्ट किती मिनिटांत येईल हेही ते दशांशात सांगतात. तेव्हा आकडा मिळणार नाही. तपासणीला जा.

तुझी,
आकडू


१९ जानेवारी

चि. आकडू, आखडू नकोस.

मामाला नकार देतेस? लक्षात ठेव, गाठ माझ्याशी आहे! हे वाक्य म्हणायचा हक्क सध्या माझ्याइतका कुणालाच नाही.

तुझा पेपर सोडवून पाठवतोय. वय सदुसष्ट. मामी एकोणसत्तर सांगते, ते मनावर घेऊ नकोस. गाठ डॉक्टरांच्या मते लिंबाएवढी होती, पण मामीने शेजारी नारळाएवढी सांगून ठेवली होती. त्यामुळे भेटायला आलेले लोक माझं बँडेज बघून जरा हिरमुसले. जातीचं नाव मालगाडीसारखं लांबलचक आहे. मी विचारलं, स्वभावाने कशी? डॉक्टर म्हणाले, मध्यम. नसेला चिकटली नव्हती, मानही साफ.

कडेचं मात्र वाचून वाईट वाटलं. कड मोकळी आहे, पण गाठीपासून कडेपर्यंतचं अंतर थोडं म्हणे. म्हणजे आमच्या भाषेत समास कमी! अगं, समास कमी सोडला की कटिंगवाला सरळ अक्षरंच कापतो. या एका गोष्टीवरून मी लेखकांशी जन्मभर भांडलो, आणि माझ्याच गालात समास कमी.

आता गुण कळव. नाहीतर तुझ्या इस्पितळात फोन करून साहेबांशी बोलेन, आणि काय बोललो ते त्यांना कळणारही नाही.

मामा


३० जानेवारी

ती. मामा,

जिंकलास. दशांशसाहेब अर्ध्या रजेवर होते, तेवढ्यात काढला.

बारा. पाच वर्षांत, शंभरातले बारा.

आता नीट वाच. एक सभागृह आहे असं समज. त्यात शंभर मामा बसलेत. सगळे तुझ्याच वयाचे, सगळ्यांना तसलंच लिंबू झालेलं, सगळ्यांचा समास तेवढाच कमी. त्यातले अठ्ठ्याऐंशी मामा घरी जाऊन आपापल्या मामीशी भांडत बसतील, आणि बारा जणांची गाठ कधीतरी परत येईल. बारा कोणते, हे कॉम्प्युटरला माहीत नाही. मलाही नाही. म्हणूनच शंभरच्या शंभर मामांनी तपासणीला जायचं असतं. लहान असताना सापडली तर पुन्हा काढता येते.

साहेबांचं खरं होतं, बोटं चुकतात. पहिल्यांदा तुझं वय सहाशे सत्तर टाइप झालं. कॉम्प्युटरने तुला परीक्षेलाच बसू दिलं नाही.

जा रे मामा.

आकडू


६ फेब्रुवारी

चि. आकडू,

अठ्ठ्याऐंशी टक्के! विशेष प्रावीण्य! शाळेत मला काठावर पास करताना मास्तरांचा जीव जायचा, ते आज असते तर त्यांना बोलावून दाखवलं असतं.

सगळ्या बिल्डिंगला सांगून आलो. शेजारच्या गाणंवाल्या बाईंनी या आनंदात लिंबाचं सरबत पाठवलं. मामी म्हणाली, एका मामाला सांभाळताना नाकी नऊ आले, शंभर कोण सांभाळणार? मी म्हटलं, भाचीने मला एकदम शंभर वेळा मामा बनवलंय, तिलाच विचार.

एवढे गुण पडल्यावर तपासणीची घाई नाही. पुढच्या महिन्यात बघू.

बाकी एक बारीकशी गोष्ट विचारायची होती. जेवताना डाव्या गा

(ही ओळ खोडली आहे. मुद्रितं तपासायची जुनी खोड. खोडलेलं वाचायचं नसतं.)

तुझा प्रावीण्यप्राप्त,
मामा


१५ फेब्रुवारी

लाडके आकडू,

हे दुपारचे झोपलेत, म्हणून घाईघाईने लिहिते. यांना सांगू नकोस.

यांचा एक गाल लाजतो. हसू नकोस! शेजारच्या गाणंवाल्या बाई सरबताचा पेला घेऊन आल्या की यांचा डावा गाल लालबुंद होतो आणि वर घामाचे थेंब येतात. उजवा गाल मात्र अगदी सभ्य. आता लाजायचंच असेल तर माणसाने दोन्ही गालांनी लाजावं, हे अर्धवट लाजणं कसलं? विचारलं तर म्हणतात, "गरम होतंय." पंखा डोक्यावर गरगर फिरत असतो!

एवढंच नाही. हल्ली जेवतातही भिंतीकडे तोंड करून. मांडीवर नॅपकिन. मी समोर बसले की खुर्ची आणखी वळवतात. माझं तोंडही बघवत नाही की काय? साठी बुद्धी नाठी ऐकलं होतं, साठी गाल नाठी हे नवीनच.

खरं सांग, तुझ्या यंत्रात याला काही रकाना आहे का?

मामी


२० फेब्रुवारी

ती. मामी,

आधी खुर्चीत बस. मामाचं प्रेम बाईंवर नाही, लिंबावर आहे.

ऑपरेशनमध्ये त्याच्या गालातली लाळेची ग्रंथी काढली, तेव्हा लाळेला हुकूम पोचवणाऱ्या बारीक नसा तुटल्या. त्या पुन्हा वाढल्या, पण घर चुकल्या आणि घामाच्या ग्रंथींना जाऊन चिकटल्या. आता काही आंबट दिसलं की मेंदू म्हणतो, लाळ सोड, आणि गाल सोडतो घाम. लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, मामाच्या गालाला सुटतं. या ऑपरेशननंतर पुष्कळांना होतं. त्यात धोका नाही, आणि गाठीशी त्याचा काही संबंध नाही.

तरी खात्री हवीच असेल तर शास्त्रीय पद्धतीने कर. एकदा बाई आणि लिंबू दोन्ही. एकदा बाई, पण लिंबू नाही. एकदा नुसतं लिंबू. आणि एकदा दोन्ही नाही, फक्त तू. प्रत्येक वेळी गाल बघ.

मामी, मला त्या भिंतीची काळजी वाटते. मामा तुझ्यावर रुसून भिंतीकडे वळलेला नाही. गाठ परत आली असं त्याला वाटतंय आणि तो ते तुझ्यापासून लपवतोय, असा माझा अंदाज आहे. प्रयोग झाला की हे पत्र त्याच्या हातात दे.

आकडू


२७ फेब्रुवारी

लाडके आकडू,

प्रयोग पार पडला.

बाई आणि सरबत: ओला. बाई आणि रिकामा पेला: ठणठणीत कोरडा. बिचाऱ्या कितीतरी वेळ रिकामा पेला धरून बसल्या होत्या, मी त्यांना म्हटलं नळाला पाणी नाही. नुसतं लिंबू चिरून ताटलीत समोर ठेवलं: घळाघळा.

आता चौथं. केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून, लिंबाशिवाय मी एकटी समोर बसले. कोरडा! एवढ्या वर्षांचा संसार, आणि चिरलेल्या लिंबाला जी किंमत ती मला नाही. ते लिंबू मी फेकून दिलं.

मग तुझं पत्र यांच्या हातात दिलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग मांडीवरच्या नॅपकिनच्या घड्या घालत बसले. माझा सगळा राग पळाला. मी खुर्ची ओढून भिंतीच्या बाजूला जाऊन बसले, म्हणजे यांना तोंड वळवायला जागाच राहिली नाही.

पुढचं ते स्वतः लिहितो म्हणालेत.

मामी


१ मार्च

चि. आकडू,

तुम्ही दोघींनी मिळून मला चांगलंच पिळलंत.

खरं लिहितो. मी घाबरलो होतो. फार घाबरलो होतो. तुझं पत्र यायच्या आधीच गाल ओला व्हायला लागला होता, आणि मला वाटलं की निघाली दुसरी आवृत्ती. त्यात तुझं पत्र उघडलं आणि दिसले ते बारा. पुढचे अठ्ठ्याऐंशी मला दिसलेच नाहीत. तूच सांग, आपल्या भाषेत बाराला कधी चांगले दिवस आलेत का? घड्याळाचे सोड, माणसाचे बारा वाजतात. बुडाला तर बाराच्या भावात जातो. भानगडीसुद्धा बाराच असतात. बाकी कुठलाही आकडा मी सहन केला असता.

विशेष प्रावीण्य वगैरे बिल्डिंगभर सांगत फिरलो, ते मामीला कळू नये म्हणून. मनात सारखं तुझं ते सभागृह यायचं. दारात एकजण उभा राहून बारा नावं वाचतोय, आणि दर वेळी पहिलं नाव माझंच. तपासणीला गेलो नाही, कारण गेलो नाही तोवर मी अठ्ठ्याऐंशीत आहे असं म्हणता येत होतं.

आता गालाचा उलगडा झाला. पण बारा तसेच आहेत. मामाची एवढी विनंती ऐक, अकरा कर. अकरा जमत नसेल तर तेरा कर, माझी हरकत नाही. पण ते बारा तेवढे काढ.

मामा


७ मार्च

ती. मामा,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग बादलीपाशी बसून रडले. नंतर उठून दशांशसाहेबांना सगळं सांगून टाकलं, नियम मोडल्याचंसुद्धा. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी कागद मागितला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "बारा? बारा कुठून आणलेत? इथे अकरा दशांश आठ आहेत. मामांना सांगताना गोल कशाला केलेत?"

म्हणजे शून्य दशांश दोनसाठी तू महिनाभर भिंतीकडे तोंड करून जेवलास, आणि ते दोन मी घातले होते. मला वाटलं, मामाला दशांश कशाला? चुकलं माझं.

पण मामा, अकरा दशांश आठ असो की बारा, सभागृहाच्या दारात नावं वाचणारा कोणीच नाही. तुला जे काही असेल किंवा नसेल ते तुझ्या मानेत आत्ताच आहे, तू न गेल्याने ते बदलत नाही. गेलास तर निदान काही करता येतं. कॉम्प्युटरकडे शंभर मामा असतील. मला एकच आहे, आणि मला तुझी काळजी लागून राहिली आहे.

आता तरी जा.

आकडू


१८ मार्च

चि. आकडू,

जाऊन आलो.

आधी निकाल सांगतो, नाहीतर तू पत्र शेवटून वाचशील. मान चाचपली, गार जेली लावून सोनोग्राफी केली. सध्या काहीही नाही. "सध्या" हा शब्द डॉक्टरांनी दोनदा वापरला, पण मीही आता दशांशवाला झालोय, मला सध्यावर भागतं.

मग त्यांनी गालाची परीक्षा घेतली. गालाला आयोडीन फासलं, वर पांढरी पिठी भुरभुरवली, आणि हातावर लिंबाच्या दोन गोळ्या ठेवल्या. एक चघळली, तर अर्धा चेहरा निळाकाळा! घाम जिथे येतो तिथे तो रंग उठतो म्हणे. डॉक्टर खूश. या घामावर सुई आहे, नट्या सुरकुत्या घालवायला घेतात तीच. मामी म्हणाली, एका बाजूने तरुण नवरा मला नको, नॅपकिन परवडला. मी तसाच निळा बाहेर आलो, आणि ती बिलाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

बाकावर एक गृहस्थ बसले होते, निवृत्त बस कंडक्टर. गालावर माझ्यासारखाच व्रण, फक्त उजवीकडे. त्यांची गाठ परत आली होती, दोन वर्षांपूर्वी दुसऱ्यांदा काढली. म्हणजे ते तुझ्या बारातले. आकडू, सांगायला लाज वाटते, पण हे ऐकलं आणि मी बाकावर जरा लांब सरकलो. ते म्हणाले, "जन्मभर लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणून ओरडलो. मागे सरका म्हणायची वेळ आणणारे तुम्ही पहिलेच." मग मी सरकलो ते अगदी खांद्याला खांदा लागेपर्यंत.

दुसरी गोळी त्यांना दिली. त्यांचा उजवा गाल लाल झाला, घाम आला. नर्स बघत होती. म्हणाली, दोघं मिळून एक माणूस नीट लाजला. आम्ही इतके हसलो की आतून डॉक्टर बाहेर आले.

मी त्यांना तुझ्या यंत्राचं आणि शंभर मामांच्या सभागृहाचं सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि विचारलं, "मग बाकीचे अकरा कुठे बसतात?"

तुला उत्तर येत असेल तर लिही.

त्यांच्या मानेत पुन्हा काहीतरी बारीक दिसलंय. ते काय आहे हे पुढच्या महिन्यात कळेल. घरी कोणी नाही, एकटेच येतात. माझी तारीख सहा महिन्यांनी आहे. मी दोन्ही तारखांना जाणार आहे. त्यांना सांगून आलोय, पुढच्या महिन्यात लवकर पोचलात तर बाकावर माझी जागा धरून ठेवा.

तुझा,
मामा